विश्लेषण : मानस धामणे इटलीपर्यंत पोहोचला, ठाकुरवाडीतून टेनिसची वाट का नाही?

पुण्याचा मानस धामणे वयाच्या 15व्या वर्षी एटीपी स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळला. ही स्पर्धा बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. खालापूरवरून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग संपल्यावर थोड्याच अंतरावर हे संकुल आहे. तरीही कर्जत-खालापूरमधील ठाकुरवाड्यांतील मुलांपासून टेनिस दूरच राहिले आहे. असे का?

मानस धामणे कोण आहे?
मानसचा जन्म 2007 चा. जानेवारी 2023 मध्ये टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेत त्याला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारीचा निकष न लावता थेट प्रवेश मिळाला. अमेरिकेच्या मायकल मोहने त्याला 6-2, 6-4 असे हरवले. इटलीतील बोर्डिघेरा येथील पियाटी टेनिस केंद्रात त्याने प्रशिक्षण घेतले. यानिक सिन्नरही याच केंद्रात तयार झाला.

पुढचे ध्येय किती अवघड?
ग्रँडस्लॅमच्या एकेरीत 128 खेळाडू असतात. त्यांपैकी 104 जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो. म्हणून प्रत्येक नवोदिताचे लक्ष्य पहिल्या शंभरात येण्याचे असते. त्याची सुरुवात ‘एम 15’ स्पर्धांपासून होते. तेथे संपूर्ण स्पर्धेची बक्षीस रक्कम 15 हजार डॉलर असते आणि एकेरीत पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती जेमतेम दीडशे डॉलर पडतात. विमान, हॉटेल, प्रशिक्षक हा खर्च ज्याचा त्याने करायचा. म्हणजे काही वर्षे जिंकूनही खिशाला खारच लागतो.

गावाकडून कोणी पुढे आले आहे का?
होय. विम्बल्डनने 2022 मध्ये 14 वर्षांखालील स्पर्धा सुरू केली, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील ऐश्वर्या जाधव त्यात खेळली. मात्र अशी उदाहरणे मोजकीच. धावण्याचे तसे नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. धावायला रस्ता पुरतो. टेनिसला कोर्ट, रॅकेट, चेंडू, शिकवणारा आणि तोडीचा जोडीदार, सारेच लागते.

ठाकुरवाडीत अडते कुठे?
आश्रमशाळांमध्ये कबड्डी, खो-खो, धावणे रुजले आहे, टेनिस नाही. या खेळात 12 वर्षांखालील गटापासूनच राष्ट्रीय क्रमवारी सुरू होते. रॅकेट त्यानंतर हाती आली, तर वाडीतील मूल कितीही काटक असले तरी मागे पडते.

पहिली पायरी स्वस्त होऊ शकते का?
होऊ शकते. लहान मुलांसाठी आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने मान्य केलेला लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के संथ असतो. त्यासाठीचे छोटे कोर्ट व्हॉलीबॉलच्या मैदानात आखता येते. चुन्याच्या रेघा, एक जाळी, काही छोट्या रॅकेट आणि शिकवू शकणारा एक क्रीडाशिक्षक एवढ्यावर सुरुवात होते. पुढचा खर्च कोणत्याही वाडीला झेपणारा नाही. तेथे सरकार किंवा प्रायोजक हवाच. पण मदत कोणाला करायची, हे कळण्यासाठी आधी ती मुले खेळताना दिसली पाहिजेत.