चौकोनी कंसातला पत्ता

कर्जत किंवा खालापूरच्या तहसील कार्यालयाला मेल लिहायचा, तर पत्ता शोधायला माणूस रायगड जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर जातो. अशा सरकारी पानांवरच्या पत्त्यात @ हे चिन्ह सहसा नसतं. त्याच्या जागी चौकोनी कंसात ‘ॲट’ आणि टिंबाच्या जागी ‘डॉट’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. भाताच्या नुकसानीच्या पंचनाम्याबद्दल विचारू पाहणारा शेतकरी तो पत्ता मोबाइलवर उचलून जसाच्या तसा चिकटवतो, आणि मेल जात नाही.

हा वेश त्याच्यासाठी नसतोच. तो असतो पत्ते वेचणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. हे प्रोग्रॅम एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहतात आणि पानामागचा कोड वाचतात. मधे @, दोन्ही बाजूंना अक्षरं आणि पुढे कुठेतरी टिंब, एवढा साचा जुळला की पत्ता यादीत जातो. मग ती यादी विकली जाते. फसव्या बिलांपासून खोट्या बक्षिसांपर्यंत सगळं त्या पत्त्यावर येऊ लागतं.

वेश बदलण्याचा उपाय एके काळी खरोखर चालत होता. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर डेमोक्रसी अँड टेक्नॉलॉजी’ या संस्थेनं 2003 साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अडीचशे नवे पत्ते तयार करून ते निरनिराळ्या ठिकाणी दिले आणि सहा महिने वाट पाहिली. आलेल्या स्पॅमपैकी 97 टक्क्यांहून जास्त स्पॅम उघड्या वेबपानांवर ठेवलेल्या पत्त्यांना आला. ‘ॲट’, ‘डॉट’ असे शब्द लिहून किंवा अक्षरांऐवजी त्यांचे संगणकीय आकडे टाकून झाकलेल्या पत्त्यांना एकही आला नाही.

पण ही युक्ती म्हणजे लहानपणीची च-ची भाषा. ‘तुला’चं ‘चलातु’ केलं की घरातल्या मोठ्यांना कळत नाही. नियम कळला की सगळंच कळतं. कंसातल्या ‘ॲट’च्या जागी @ घालायला वेचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली की पुरे. बहुतेक सरकारी पानं एकाच साच्यात पत्ता लिहितात, त्यामुळे ती ओळ एकदा लिहिली की देशभर चालते. आज या वेशामुळे अडतो तो फक्त सर्वांत आळशी प्रोग्रॅम. आणि अडतो अर्जदार.

पत्त्याचं चित्र करून लावणं तर याहून वाईट. ते कॉपी होत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला तिथं वाचायला सहसा काहीच सापडत नाही. पत्ता कोडमध्ये उलटा लिहून पडद्यावर सुलटा दाखवण्याचीही एक रीत आहे, पण कॉपी केला की तो उलटाच हाती येतो.

याहून शहाणी पद्धत क्लाउडफ्लेअर ही कंपनी वापरते. या कंपनीचं मूळच ‘प्रोजेक्ट हनी पॉट’मध्ये आहे. 2004 साली सुरू झालेला हा प्रकल्प पानापानांवर सापळ्याचे पत्ते पेरून वेचणाऱ्यांचा माग काढत असे. क्लाउडफ्लेअरच्या पद्धतीत पत्त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या आकड्यावर एका ठरावीक आकड्यानं ‘एक्सॉर’ नावाची क्रिया होते. त्याच आकड्यानं तीच क्रिया पुन्हा केली की मूळ अक्षर परत मिळतं. त्या आकड्याची ही किल्ली सांकेतिक मजकुराच्या सुरुवातीलाच लिहिलेली असते, म्हणजे गुपित असं काही नाही. पण कुलूप उघडायचं काम वाचकाचा ब्राउझर आपोआप करतो. माणसाला साधा, बोट लावताच उघडणारा पत्ता दिसतो, आणि नुसता कोड चाळत सुटलेल्या प्रोग्रॅमच्या हाती निरर्थक आकडे लागतात. ब्राउझरसारखं सगळं पान चालवून पाहणारा प्रोग्रॅम हेही भेदतो. मात्र लाखो पानांवर तसं करणं त्याला वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबात महाग पडतं. कष्ट यंत्राला पडावेत, माणसाला नाही, हे इथं साधलं आहे. मुंबईच्या पाहुण्यांच्या चौकशीची वाट पाहणाऱ्या कर्जत-नेरळकडच्या फार्म-स्टेवाल्यांनीही हीच रीत धरावी.

पत्ते वेचण्याविरुद्ध कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, माणसानं स्वतःहून जाहीर केलेली माहिती वगळलेली आहे. दुसऱ्या बाजूला, 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सरकारी कार्यालयांना अधिकाऱ्यांची आणि जनमाहिती अधिकाऱ्यांची माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगतं. तहसील कार्यालयाला दडून बसण्याची मुभाच नाही, आणि ते योग्यच आहे.

शिवाय पदाच्या नावाचा पत्ता तहसीलदार बदलले तरी तोच राहतो. एकदा यादीत गेला की कायमचा गेला. आज पानावर कितीही झाकला तरी जुन्या याद्यांतून तो पुसला जात नाही. अशा पत्त्याचं रक्षण पानावर होऊ शकत नाही, ते मेल घेणाऱ्या सर्व्हरवरच्या गाळणीत व्हायला हवं. ती गाळणी मजबूत करावी आणि कंस काढून टाकावेत. खालापूरच्या माणसाला मोबाइलवर बोट टेकवताच तहसील कार्यालयाला लिहिता आलं पाहिजे.