तंबाखूची डबी

दुःख गिळून हूं कीं चूं न करणाऱ्या माणसाचें आपल्याकडे फार कौतुक होतें. 'काय धीराचा माणूस!' असें आपण म्हणतों आणि आपापल्या कामाला लागतों. हा धीर कोठून येतो व त्याची किंमत कोण देतें, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो विचार करणें मला एका अमेरिकन कादंबरीनें भाग पाडलें.

टोनी मॉरिसन या विदुषीची 'बिलव्हेड' ही कादंबरी १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. लेखिकेस पुढें १९९३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. कथेचें बीज खरें आहे. मार्गारेट गार्नर नांवाची गुलाम स्त्री १८५६ च्या जानेवारींत केंटकी संस्थानांतून मुलांसह ओहायोंत पळून गेली. पकडणारे दाराशीं येतांच, पोरीच्या नशिबीं पुन्हां दास्य नको म्हणून तिनें आपल्या लहानग्या मुलीचा स्वतःच्या हातानें प्राण घेतला. कादंबरींतील सेथा या घटनेवरून सुचली. परंतु आज मला सांगावयाचें आहे तें सेथाच्या सोबत्याविषयीं, पॉल डी याच्याविषयीं.

याचे भाऊ पॉल ए व पॉल एफ. पोत्यांवर खुणेचीं अक्षरें घालावीं तशीं हीं नांवें! 'स्वीट होम' नांवाच्या मळ्यावर हे राबत होते. मालक मरण पावल्यावर कारभार पाहण्यास त्याचा एक आप्त आला. ग्रंथांत त्याला नांव नाहीं. सर्व त्याला 'शाळामास्तर' एवढेंच म्हणतात. गुलामांचे मानवी गुण एका बाजूस व पशूंचे गुण दुसऱ्या बाजूस, अशी यादी तो शिष्यांकडून वहींत करवून घेई. चाळीस वर्षें खडू हातीं धरलेल्या मला हें वाचतांना आपल्याच हाताकडे पाहवेना.

पळून जाण्याचा बेत फसला. आपली किंमत नऊशें डॉलर, हें पॉल डीनें आपल्याच कानांनीं ऐकिलें. घोड्याला घालतात तसा लोखंडी लगाम त्याच्या तोंडांत घातला गेला. त्या स्थितींत त्याला अंगणांतला एक कोंबडा दिसला. अंड्यांतून बाहेर पडतां न येणाऱ्या त्या पिलाचें कवच एकदां पॉल डीनेंच फोडलें होतें. आतां तो कोंबडा ऐटींत बसला होता आणि त्याचा उपकारकर्ता मुका उभा होता. कोंबडा निदान कोंबडा तरी होता. आपण कोण उरलों, हें पॉल डीला कळेना.

पुढें जॉर्जियांत इतर पंचेचाळीस कैद्यांसह जमिनींतल्या पेट्यांत त्याला कोंडण्यांत आलें. एका पावसाळी रात्रीं चिखलाखालून, एकाच साखळीला धरून, ते सर्व निसटले. सुटका झाली खरी, परंतु तोंवर त्यानें एक युक्ति साधिली होती. छातींत हृदयाच्या जागीं तंबाखूची एक पत्र्याची डबी आहे असें समजावयाचें आणि भाऊ, मित्र, लगाम, कोंबडा, एकेक आठवण तींत घालून झांकण घट्ट लावावयाचें. प्रेमहि थोडथोडेंच करावयाचें, म्हणजे माणूस हिरावलें गेलें तरी पुढच्यासाठीं कांहीं शिल्लक राहतें.

याला धीर म्हणावें काय? ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस हाहि गुलामगिरींत वाढला. आपल्या हातीं काय आहे व काय नाहीं हें ओळखावें आणि जें हातीं नाहीं त्यासाठीं व्याकुळ होऊं नये, ही त्याची शिकवण. आपल्याकडे स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा देतात. पण कासव अवयव आंत ओढून घेतें तसें संकट टळल्यावर बाहेरहि काढतें. डबीला तें सामर्थ्य नाहीं. बंद राहिली कीं ती गंजते. स्थितप्रज्ञाचें मन दुःख पाहतें व ढळत नाहीं. पॉल डीचें मन दुःखाकडे पाहूंच शकत नाहीं, म्हणून स्थिर दिसतें. पहिली साधना होय, दुसरी जखमेवरची खपली. खपलीची निंदा करूं नये, कारण तिनेंच तो जगला. परंतु तिला अलंकारहि समजूं नये.

पॉल डी अठरा वर्षांनीं सेथाच्या दारीं येतो तें साल कथेंत १८७३ आहे. त्याच सालीं महात्मा जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालें आणि तें त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें. माझ्या घरीं तें पुस्तक पहिल्यानें आलें तें मी सेवानिवृत्त झाल्यावर! इतका उशीर कां झाला, याचें उत्तर मला पॉल डीच्या डबींत सांपडलें. जो बोलत नाहीं तो सुखी आहे, असें मानणें ऐकणाराला फार सोयीचें असतें.

अमेरिकेंत कायद्याची बेडी १८६५ मध्यें तुटली. डबीचें झांकण मात्र कायद्यानें उघडत नाहीं. तें उघडतें तेव्हांहि सुख होत नाहीं. गंज झडूं लागतो, पॉल डी घाबरतो आणि सेथाचें कृत्य कळल्यावर तिला सोडून निघूनहि जातो. परंतु शेवटीं तो परत येतो. खचून अंथरुणाला खिळलेल्या तिच्याजवळ बसतो आणि आपली कहाणी तिच्या कहाणीशेजारीं ठेवूं इच्छितो. मला वाटतें, त्याचा खरा धीर येथें सुरू होतो.

फार वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. वडील वारल्यावर थोड्याच दिवसांत तो शाळेंत आला, बाकावर ताठ बसला आणि शब्दरूपें न चुकतां म्हणून दाखवूं लागला. 'याला म्हणतात धीर!' असें मीं सर्व वर्गाला सांगितलें. शाळा सुटल्यावर त्याला जवळ घेऊन, 'बाळ, घरीं कसें आहे?' हें मात्र विचारलें नाहीं. झांकण त्यानें लाविलें होतें; वर शाबासकीचें कुलूप मीं घातलें.

वाचकहो, आपल्या घरांतहि असें एखादें न रडणारें माणूस असेल. त्याची स्तुति पुष्कळ झाली. आज त्याच्याजवळ घटकाभर बसा.