पेशींचे घड्याळ आणि फुप्फुसाचा कर्करोग

डोळ्यांकडून येणारे चेतातंतू मेंदूत जेथे एकमेकांना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २० हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. उजेड-अंधाराची वर्दी त्याला थेट डोळ्यांकडून मिळते आणि झोप, शरीराचे तापमान, संप्रेरके यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. मात्र शरीरात घड्याळ एवढे एकच नाही. यकृत, हृदय, फुप्फुस अशा जवळजवळ प्रत्येक अवयवाच्या पेशीत स्वतंत्र घड्याळ चालू असते; मेंदूतील पुंजका त्या सर्वांची वेळ जुळवून देतो. फुप्फुसातील हे घड्याळ बिघडले तर कर्करोगाला वाव मिळतो का, हा प्रश्न शास्त्रज्ञ तपासत आहेत.

घड्याळाचे काटे म्हणजे काही जनुके. ‘क्लॉक’ आणि ‘बीमॅल-१’ या जनुकांची प्रथिने जोडीने ‘पीरियड’ व ‘क्रिप्टोक्रोम’ या जनुकांना चालना देतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिने साचत जातात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि आपल्याला जन्म देणाऱ्या जोडीलाच थोपवितात. पुढे ती नष्ट होतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. या फेऱ्याला सुमारे २४ तास लागतात. यातील ‘पीरियड’ जनुकाचा सुगावा १९७१ साली फळमाशीत लागला. त्याच्या कार्याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या जनुकांचा कर्करोगाशी असलेला संबंध अमेरिकेतील एमआयटीच्या टायलर जॅक्स यांच्या प्रयोगशाळेने २०१६ मध्ये दाखवून दिला. ‘के-रास’ आणि ‘पी-५३’ या जनुकांतील बिघाडामुळे फुप्फुसात गाठी होणारे उंदीर त्यासाठी निवडण्यात आले. काहींना १२ तास उजेड व १२ तास अंधार असा नियमित दिनक्रम मिळाला. इतरांसाठी दर दोन-तीन दिवसांनी उजेडाची वेळ आठ तासांनी पुढे ओढण्यात आली. म्हणजे जणू सततचा लांबचा विमानप्रवास! या दुसऱ्या गटात गाठी अधिक वेगाने वाढल्या. त्याहून महत्त्वाचा भाग पुढचा. प्रकाशाला हात न लावता केवळ ‘पीरियड-२’ किंवा ‘बीमॅल-१’ हे जनुक काढून टाकले, तरी परिणाम तोच झाला. घड्याळ थांबताच पेशीविभाजनाला जोर देणारे ‘सी-मिक’ हे प्रथिन साचू लागले. घड्याळ हे वेळेबरोबरच वाढीवरचा लगामही सांभाळते, असा त्याचा अर्थ.

सर्व काही ‘सी-मिक’वर ढकलून मात्र भागत नाही. स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या कात्या लामिया यांच्या गटाने २०२२ मध्ये असाच प्रयोग केला, तेव्हा अनियमित उजेडातील उंदरांत गाठींचा भार ६८ टक्क्यांनी वाढला. पण कारण निराळे दिसले. तेथे ‘एचएसएफ-१’ हे उष्णतेच्या ताणापासून पेशीला वाचविणारे प्रथिन अधिक सक्रिय झाले होते. शरीराचे तापमान रोज ठरावीक लयीत वर-खाली होते. ती लय विस्कटल्याने हे प्रथिन कामाला लागत असावे, असा या गटाचा तर्क आहे. शिवाय काही रक्तकर्करोगांत हीच घड्याळ-जनुके कर्कपेशींना जगण्यासाठी लागतात. त्यामुळे त्यांना सरसकट रक्षक ठरविता येत नाही.

उंदरांवरून माणसांबद्दल घाईने निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. रात्रपाळी ही माणसासाठी ‘बहुधा कर्करोगकारक’ असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटले आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवले. परंतु फुप्फुसाबाबतचा मानवी पुरावा तोकडा आहे. अमेरिकी परिचारिकांच्या २०१३ मधील पाहणीत १५ वर्षे वा अधिक काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांत हा धोका २८ टक्क्यांनी अधिक आढळला, तोही प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांत. पहिला आरोपी अद्याप तंबाखूच आहे.

उपचारांच्या बाबतीत चित्र अधिक उत्सुकता वाढविणारे आहे. रोगप्रतिकारक पेशींतही घड्याळ असते. चीनमधील फुप्फुस-कर्करोगाच्या २१० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडण्यात आले. प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे काहींना दुपारी तीनपूर्वी, तर इतरांना त्यानंतर देण्यात आली. पहिल्या गटात रोग बळावण्यास सुमारे दुप्पट काळ लागला. अन्यत्र याची पडताळणी व्हावी लागेल. ती झालीच, तर प्रत्येक रुग्णाला दुपारच्या आत खाट मिळवून देण्याचे गणित रुग्णालयांना सोडवावे लागेल.