दोरी तुटली नाही, तरीही...?

बांधकामावरचा एक दादा जमिनीपासून 4 मीटर उंच स्लॅबच्या कडेला काम करतोय. अंगात हार्नेस, म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाणारे पट्टे. पाठीवरच्या कडीला 2 मीटर दोरी आणि तिचा हूक पायाशी असलेल्या लोखंडी कडीत. दोरी अगदी पक्की. दादाचा पाय घसरला, तर तो वाचेल?

करा हिशेब! पाठीवरची कडी तळपायापासून साधारण दीड मीटर वर. दोरी ताणली जाईपर्यंत ही कडी हुकाच्या 2 मीटर खाली जाणार. म्हणजे तळपाय पोचले साडेतीन मीटर खाली. जमीन अजून अर्धा मीटर लांब. वाचला की!

थांबा, एवढ्यात टाळ्या नकोत. साडेतीन मीटर पडेपर्यंत दादाचा वेग झाला ताशी सुमारे 30 किलोमीटर. दोरीने त्याला 10 सेंटीमीटरमध्ये थांबवलं, तर बसणारा झटका त्याच्या वजनाच्या 30 पटींहून मोठा. हाडं मोडतील! तेच थांबणं मीटरभर लांबवलं, तर झटका साडेचार पटींवर येतो.

म्हणून दोरीला एक छोटं पाकीट जोडतात. त्यात घड्या घालून शिवलेली पट्टी असते. झटका बसला की तिचे टाके टराटरा उसवतात आणि पडणाऱ्याचा वेग कमी करत जातात. फाटण्यासाठीच शिवलेली वस्तू! मला तर ही युक्ती भारीच आवडते. पण टाके उसवायला मीटरभर, कधी त्याहूनही जास्त जागा लागते. दादाकडे होता अर्धाच मीटर.

मग? हूक डोक्याच्या वर अडकवायचा, म्हणजे मुळात पडणंच कमी. किंवा आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा घ्यायचा. हळू ओढला की सुटतो, हिसका बसला की अडतो. गाडीतला सीटबेल्ट ओढून पाहा (गाडी उभी असताना हं!), अगदी तसाच.

आणि काही ठिकाणी खाली जाळंच लावतात. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल बांधताना तसं लावलं होतं. त्यात पडून 19 कामगार वाचले. त्या पठ्ठ्यांच्या टोळीचं नाव पडलं ‘हाफवे टू हेल क्लब’, नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांचं मंडळ! पण 17 फेब्रुवारी 1937 रोजी काही टन वजनाची परांची कोसळली, ती जाळं फाडूनच खाली गेली आणि 10 जण दगावले. माणसं झेलणाऱ्या जाळ्याला एवढं वजन पेलवलं नाही.