कंपनी बुडाली तर पगाराचं काय, पीएफचं काय?



आपल्या भागातल्या शाळांमध्ये प्रवेश अर्जावर वडिलांचा किंवा आईचा व्यवसाय या रकान्यात बऱ्याच वेळा एकच शब्द असतो, 'कंपनीत'. अंबरनाथची आनंदनगर आणि मोरिवली एमआयडीसी, बदलापूरची मानकिवली, उल्हासनगरचे जीन्सचे कारखाने. अशी कंपनी बंद पडली की पहिला फटका घरातल्या फीला, वह्या-पुस्तकांना आणि कधी कधी मुलाच्या शाळेलाच बसतो. म्हणून हा विषय फक्त वकिलांचा नाही. गेल्या काही वर्षांत न्यायालयांनी यावर महत्त्वाचे निकाल दिले आहेत. ते आज सोप्या भाषेत समजून घेऊया.

दिवाळखोरीचा कायदा काय सांगतो?

२०१६ साली नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली. कंपनीने देणी थकवली की बँक, माल पुरवणारे किंवा कामगार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जाऊ शकतात. महाराष्ट्रासाठी हे न्यायाधिकरण मुंबईत आहे. अर्ज मंजूर झाला की मालकाच्या हातातून कारभार जातो आणि नेमलेला व्यावसायिक तो पाहतो. मग दोन वाटा असतात. कुणी नवा खरेदीदार योजना घेऊन आला तर कंपनी वाचते. नाही आला तर लिक्विडेशन होतं, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवली जातात.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. ही प्रक्रिया कंपनी आणि एलएलपी यांच्यासाठी आहे. उल्हासनगरमधले अनेक छोटे कारखाने एकाच मालकाच्या नावावर असतात. तिथे एनसीएलटीची ही वाट नाही, कामगार आयुक्तांकडे किंवा कामगार न्यायालयात जावं लागतं. म्हणून पगाराच्या स्लिपवर 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलंय का, ते आधी बघा.

रांग कशी लागते?

कंपनी विकून आलेले पैसे सगळ्यांना पुरत नाहीत. त्यामुळे संहितेच्या कलम ५३ मध्ये रांग ठरवून दिली आहे. सगळ्यात आधी प्रक्रियेचा खर्च. दुसऱ्या नंबरवर कामगारांची लिक्विडेशनच्या आदेशाआधीच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेल्या बँका, दोघं बरोबरीने. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा, म्हणजे ऑफिस स्टाफ वगैरेंचा, १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण कर्ज देणारे, त्यामागे सरकारी देणी आणि अगदी शेवटी शेअरधारक. कामगार संघटनांनी या रांगेलाच आव्हान दिलं होतं. मोझर बेअर कर्मचारी युनियनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२३ रोजी ही रांग कायम ठेवली.

पण पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांच्या निधीतून कामगाराला येणारी रक्कम या रांगेत उभीच राहत नाही. कलम ३६ नुसार ती कंपनीची मालमत्ता धरली जात नाही. ती बाजूला काढायची आणि उरलेल्या पैशांची रांग लावायची.

गुणोत्तर-प्रमाण शिकवताना हे उदाहरण घेता येईल. कंपनी विकून ११ लाख आले. पीएफ-ग्रॅच्युइटीचे १ लाख बाजूला काढले, उरले १० लाख. प्रक्रियेचा खर्च २ लाख, उरले ८ लाख. कामगारांचा पगार ४ लाख आणि बँकेचं देणं १२ लाख, म्हणजे प्रमाण १:३. कामगारांना २ लाख, बँकेला ६ लाख. पीएफ पूर्ण मिळाला, पगार निम्माच मिळाला आणि मागच्यांना काहीच नाही.

जेट एअरवेजमध्ये काय घडलं?

मुंबईच्या जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. २० जून २०१९ रोजी एनसीएलटीने दिवाळखोरीचा अर्ज मंजूर केला. जून २०२१ मध्ये जालान-कालरॉक गटाची योजना मंजूर झाली. त्या योजनेत कर्मचाऱ्यांच्या पीएफ-ग्रॅच्युइटीची पूर्ण रक्कम नव्हती. कर्मचारी अपिलात गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ही रक्कम पूर्ण द्यावीच लागेल असं सांगितलं आणि ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे कंपनी वाचवायला आलेला नवा मालकही पीएफमध्ये काटछाट करू शकत नाही.

पण नव्या मालकांनी ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणे भरलेच नाहीत. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ चा विशेष अधिकार वापरून कंपनी लिक्विडेशनमध्ये काढली आणि त्या गटाने भरलेले २०० कोटी रुपये जप्त केले. कायद्यात प्रक्रियेची कमाल मुदत ३३० दिवस आहे. इथे पाच वर्षांहून जास्त गेली. हक्क कागदावर मजबूत आहे, पण उशिराची किंमत कामगारालाच मोजावी लागते.

प्रक्रिया चालू असतानाचा पगार

एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात १९ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. प्रक्रियेच्या काळात कंपनी खरंच चालू होती आणि कामगाराने खरंच काम केलं, हे दाखवता आलं तर त्या काळातला पगार प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो, म्हणजे रांगेत सगळ्यात पुढे येतो. नुसतं नाव पटावर असून भागत नाही. म्हणून हजेरीचा पुरावा सांभाळा.

पालकांनी काय करावं?

१. पीएफचं पासबुक मोबाईलवर दर महिन्याला बघा. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. दोन-तीन महिने नोंद दिसली नाही तर कंपनी बंद पडायची वाट बघू नका, पीएफ कार्यालयात लेखी तक्रार करा.

२. नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, ओळखपत्र, यूएएन नंबर आणि बँकेचं पासबुक यांची एक फाईल घरी ठेवा. गेटला कुलूप लागल्यावर आतले कागद हाती येत नाहीत.

३. प्रक्रिया सुरू झाली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. त्यात दावा करायची शेवटची तारीख दिलेली असते. कामगार-कर्मचाऱ्यांसाठी 'डी' नमुन्याचा अर्ज असतो. तो स्वतः भरा. कंपनीच्या वहीत आपलं नाव आहे, एवढ्यावर विसंबून राहू नका.

४. एकटे जाऊ नका. मार्च २०२० पासून अर्जासाठी किमान थकबाकी १ कोटी रुपये लागते. एका कामगाराची थकबाकी एवढी कुठून असणार? पण कामगार संघटना सगळ्यांच्या वतीने अर्ज करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०१९ च्या जेके ज्यूट मिलच्या निकालात मान्य केलं आहे.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या पालकसभेत अभ्यासाचं बोलून झालं की पाच मिनिटं यासाठी ठेवा. अनेक पालकांना यूएएन नंबर काढून पासबुक कसं उघडायचं हेच माहीत नसतं. तेवढं शिकवलं तरी एखाद्या घरातली अडचण वेळेवर लक्षात येईल.