स्लॅब मोजून पैसे

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यात छोट्या इमारतीसाठी बिल्डरचं कर्ज मंजूर झालं की सहकारी बँकेचा खरा व्याप तिथून पुढे सुरू होतो. पैसे एकरकमी हातात पडत नाहीत. जोतं झालं की थोडे, पहिला स्लॅब पडला की थोडे, मग वीटकाम, गिलावा, लिफ्ट. प्रत्येक हप्त्याआधी आर्किटेक्टचा दाखला येतो आणि बँकेच्या पॅनेलवरचा मूल्यांकनकार तो घेऊन साइटवर जातो. पेणच्या खारेपाटाकडच्या अंगाला त्याची नजर आधी जमिनीवर. भातखाचरात ओतलेला मुरूम नीट बसलाय का, पाणी कुठून निघणार, हे दाखल्यात लिहिलेलं नसतं.

कागदांची चाळण त्याआधीच लागलेली असते: सातबारा, फेरफार, अकृषिक वापराचे कागद, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, महारेराचा क्रमांक. रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायला आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए अशा तिघांचे दाखले लागतात. गहाण इमारतीतला एक फ्लॅट विकायचा तरी बँकेचं ना-हरकत पत्र हवं.

हा काटेकोरपणा पेणकरांना समजावून सांगावा लागत नाही. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध आणले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांची पुंजी अडकली. बनावट कर्जखात्यांतून पैसा बाहेर काढून जमिनींत गुंतवल्याचा आरोप तपासातून पुढे आला. ठेवींवरचा विमा तेव्हा 1 लाखाचा होता. 5 लाखांचा तो फेब्रुवारी 2020 मध्ये झाला. बनावट खात्याच्या कर्जाला मोजायला स्लॅबच नसतो.

नियमही हात आखडून ठेवतात. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना घरं बांधणाऱ्या बिल्डरला कर्ज द्यायची मुभा मिळाली ती जून 2022 मध्ये. परवडणाऱ्या घरांची वाढती गरज हे कारण रिझर्व्ह बँकेने तेव्हा दिलं. पण घरांसाठीचं सगळं कर्ज मिळून एकूण मालमत्तेच्या 5 टक्क्यांतच बसवायचं. नागरी सहकारी बँकांना 2025 मध्ये लागलेली मर्यादाही तशीच तोकडी: लोकांची गृहकर्जं सोडून स्थावर मालमत्ता क्षेत्राला एकूण कर्जांच्या 5 टक्क्यांपर्यंत.

आता परवडणारं घर केवढं? जीएसटीच्या हिशेबात 45 लाखांपर्यंतचं. महानगरात चटई क्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत, इतरत्र 90. गंमत अशी की मुंबई महानगर प्रदेश सगळाच यात महानगर धरला जातो; पेण शहर त्यात मोडतं आणि रोहा मोडत नाही. बांधकाम चालू असताना घेतलेल्या 80 चौरस मीटरच्या 40 लाखांच्या फ्लॅटवर रोह्यात कर 1 टक्का, पेणमध्ये 5. एकाच दिवा-रोहा रेल्वेमार्गावरच्या दोन गावांत खरेदीदाराला 1 लाख 60 हजारांचा फरक पडतो. बिल्डर पेणमध्ये खोल्या आवळतो त्यामागे जागेचा भाव असतो, तसा हा आकडाही.

पावसाळ्यात काम मंदावतं. स्लॅब नाही म्हणून हप्ता नाही. उचललेल्या रकमेवरचं व्याज मात्र चालूच. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांतला एखादा कामगार, फ्लॅट नोंदवलेला, रविवारी येऊन ओल्या सळयांकडे बघून जातो. गणपती झाले की सेंट्रिंगवाले परततात, आणि मूल्यांकनकार फाइल काखेत मारून तिसरा स्लॅब मोजायला जिना चढतो.