समुद्रकाठची बैठक

परभणीकरांना समुद्र दूरचा. परंतु २०२० च्या टाळेबंदीनंतर घरबसल्या नोकरी करण्याची पद्धत रूढ झाली आणि आपल्या घरांतील तरुणांनाही गोव्याच्या किनाऱ्यावर बसून काम करणे शक्य झाले. तेथे उपाहारगृह कसे निवडावे, हा प्रश्न चैनीचा नाही. काम अडले की भाकरीवरच गदा येते.

पहिली कसोटी दिशेची. गोव्याचा किनारा पश्चिमाभिमुख. दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांवर किंवा पडद्यावर येते. तेव्हा पश्चिमेला भिंत असलेली जागा धरावी. दुसरी हंगामाची. वाळूवरील झोपड्या पावसाळ्यापूर्वी उतरवतात. जूनमध्ये पक्की इमारतच हवी. तिसरी विजेची. वीज गेल्यावर इंटरनेट चालते काय, हे चहा मागवण्यापूर्वीच विचारावे. खारा, दमट वारा यंत्रातील धातू गंजवतो, म्हणून वाऱ्याच्या तोंडी बसू नये.

शेवटची कसोटी आपली स्वतःची. एका कपावर चार तास टेबल अडवले, तर मालकाने पोट कशावर भरावे? जेवणाच्या वेळी जागा मोकळी करावी. निव्वळ शांतताच हवी असेल, तर १८३२ साली स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आहेच!